अर्धा क्लच

आमच्याकडे, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावाच्या उत्तरेला, नोव्हेंबर लागला की लोक एकमेकांची प्रकृती विचारण्याआधी विचारतात, ‘प्लाऊ चढवला का?’ प्लाऊ म्हणजे नांगर. पण हा नांगर काही जमीन उकरत नाही. साडेसात फूट रुंदीचं, तीनेकशे किलो वजनाचं वाकडं पोलादी पातं पिकअप ट्रकच्या तोंडाला बांधायचं आणि अंगणातलं, गल्लीतलं बर्फ ढकलत न्यायचं. गेली तीसेक वर्षं हा उद्योग मी केला, तोही गिअर हातानं टाकायच्या ट्रकवर. मागच्या वर्षी माझा डावा गुडघा बदलावा लागला. क्लच दाबून दाबून तो गेला, असा माझा सिद्धांत आहे. डॉक्टरांना तो मान्य नाही. सौ.ला आहे.

क्लचशी माझी ओळख साताऱ्याची. काकांचा टाटाचा ट्रक होता आणि कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पुण्याला जायचो. खंबाटकीच्या घाटात पुढची गाडी थांबली की ब्रेक न लावता, क्लच अर्धा सोडून ट्रक चढावर तसाच अधांतरी धरून ठेवायचा, ही माझी खास कला. मित्रांवर छाप पडायची. काकांवर मात्र पडत नसे. ‘अरे, अर्ध्या क्लचवर गाडी धरणारा माणूस मालकाच्या पैशावर मजा मारतो,’ असं म्हणून ते पाठीत एक धपाटा घालायचे. मालक तेच असल्यामुळे त्या वाक्याला वजन होतं. धपाट्याला त्याहून जास्त.

१९९१ साली नोकरीनिमित्त इथं आलो आणि पुढच्या वर्षी घर घेतलं. चार घरांना मिळून एक खाजगी गल्ली, सुमारे दीडशे यार्डांची, वर जराशी चढाची. खाजगी गल्लीतलं बर्फ सरकारी गाडी काढत नाही. ती मोठ्या रस्त्यावरून जाते आणि जाता जाता आपल्या गल्लीच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जाते, तो वेगळाच. आमच्या गल्लीचं काम वर्षानुवर्षं शेजारचे म्हातारबा करत होते. त्या उन्हाळ्यात त्यांचं कंबरेचं हाड मोडलं आणि त्यांचा दहा वर्षांचा जुना फोर्ड ट्रक, प्लाऊसकट, त्यांनी मला अगदी नाममात्र किमतीला देऊ केला. अट एकच. गल्ली उघडी राहिली पाहिजे. त्यांच्या पत्नीला सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे.

मी ‘हो’ म्हटलं. सिरॅक्यूजचा हिवाळा मी तोवर एकच पाहिला होता, तोही भाड्याच्या घराच्या खिडकीतून. आमच्या वायव्येला ऑन्टारिओ सरोवर आहे. ते इतकं खोल की भर थंडीतही सहसा पूर्ण गोठत नाही. कॅनडातून येणारा गारठा वारा त्या उबदार पाण्यावरून वाहताना वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की ती बर्फ होऊन आमच्या डोक्यावर ओततो. या शहरात सरासरीनंच वर्षाला दहा फुटांच्या आसपास बर्फ पडतं. नेमका १९९२-९३ चा हिवाळा विक्रमी निघाला. १९२ इंच, म्हणजे सोळा फूट!

शिकवणी म्हातारबांनीच दिली. काठी टेकत शेजारच्या सीटवर बसून. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधले खटके हातानं फिरवायचे, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो. मग ‘लो रेंज’ टाकायची. तिच्यात चाकांचा वेग निम्म्याच्याही खाली येतो आणि ओढ तितकीच वाढते. पातं खाली, दुसरा गिअर, क्लच एकदाच आणि पूर्ण सोडायचा. पुढं जे काय करायचं ते इंजिनानं. बर्फ ढिगात पोचलं की पूर्ण थांबायचं, मगच रिव्हर्स. चाक फिरत असताना रिव्हर्स घातला तर गिअरबॉक्स अशी कर्कश ओरडते की शेजारची दिवाणखान्यातली माणसं खिडकीशी येतात. मागच्या हौद्यात वाळूची पोती हवीत, नाहीतर पुढच्या वजनानं मागची चाकं नुसतीच गरगरतात. पहिल्याच बर्फाला ढीग जमेल तितके लांब न्यायचे. जानेवारीत तिथं दगडासारखी भिंत होते आणि नवीन बर्फ टाकायला जागा उरत नाही. डावा पाय क्लचवर, उजवा हात गिअरवर, आणि पातं उचलायचा खटका म्हातारबांनी मुद्दाम डावीकडे बसवून घेतलेला. स्टिअरिंग कशानं धरायचं हे विचारलं तर म्हणाले, ‘उरलेल्या वेळात.’

लो रेंजला एक खोट आहे. पुढं ढकलताना ती देवासारखी, पण रिव्हर्स मुंगीच्या चालीनं येतो. एक खेप पुढं, एक खेप मागं, अशा पन्नास-साठ खेपा. माणूस कंटाळतो. मग वाटतं, हाय रेंजमध्येच टाकावी, लवकर आटपेल. तिथं जड बर्फाला दुसऱ्या गिअरवर इंजिन बंद पडायला येतं, आणि ते पडू नये म्हणून पाय आपोआप काय करतो? खंबाटकी!

आणि म्हातारबांचा सगळ्यात मोठा नियम गाडीविषयी नव्हताच. वादळाबरोबर काम करायचं, वादळ संपायची वाट बघायची नाही. दर पाच-सहा इंचांना बाहेर पडायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

१३ मार्च १९९३, शनिवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ते वादळ गेलं, ज्याला पुढं लोक ‘शतकातलं वादळ’ म्हणू लागले. आमच्याकडे त्या दोन-तीन दिवसांत साडेतीन फुटांच्या आसपास बर्फ पडलं. शनिवारी दुपारी आणि संध्याकाळी मी दोनदा गल्ली काढली. रात्री अकराला अंग मोडून आलं. सौ. म्हणाली, ‘अहो, आणखी एकदा जाऊन या ना.’ मी म्हटलं, तासभर पडतो. उठलो तो रविवारी सकाळी सात वाजता.

गल्ली नाहीशी झाली होती. चढावर वाऱ्यानं बर्फ छातीएवढं लोटलं होतं. घाईघाईनं ट्रक काढला, पातं अर्धं उचलून वरवरचा थर कापू लागलो. लो रेंजमध्ये तासभरात पंधरा-वीस यार्ड झाले असतील. मग धीर सुटला आणि हाय रेंज टाकली. चढावर इंजिन गुरगुरू लागलं की क्लच अर्धा, थोडा रेटा, पुन्हा अर्धा. आधी वास आला, जळक्या रबरासारखा, पण घशात बसणारा. तरी रेटलं. मग इंजिनाचा आवाज वर वर चढू लागला आणि ट्रक जागचा हलेना. गल्लीच्या ऐन मध्यावर, तोंड अडवून तो उभा राहिला.

म्हातारबा दारात उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत चारही घरांतली आणि रस्त्यापलीकडची माणसं फावडी घेऊन आली. ट्रकच्या बाजूनं एक माणूस जाईल एवढी वाट रात्री नऊला मोकळी झाली. हातांच्या फोडांमुळे मला चहाचा कप धरवत नव्हता. सोमवारी स्वयंसेवक अग्निशमन दलाची माणसं त्यांच्या उंच गाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत आली आणि आजींना ब्लँकेटात गुंडाळून, स्ट्रेचरवरून त्या वाटेनं घेऊन गेली. डायलिसिस कित्येक तास उशिरा झालं, पण झालं. ती बेतानं चाललेली रांग मी ट्रकच्या मागं उभा राहून पाहिली. पुढं जाऊन हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

एप्रिलमध्ये म्हातारबांच्या गॅरेजात आम्ही दोघांनी नवा क्लच बसवला. ते स्टुलावर बसून सांगायचे, मी ट्रकखाली. गिअरबॉक्स जॅकवर उतरवली तेव्हा आतल्या चकतीचा घासपट्टा पार उडालेला आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडलेले. मी म्हटलं, ‘माझी ही अर्ध्या क्लचची सवय...’ त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, ‘क्लचचं काय, तो बाजारात मिळतो. तू झोपलास.’

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आजी आणखी चार हिवाळे होत्या. त्या चारही हिवाळ्यांत मी वादळाच्या रात्री पलंगावर झोपलो नाही, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिलो. एकही फेरी चुकली नाही.

तो ट्रक पुढं मिठानं खाल्ला. इथं रस्त्यांवर मीठ इतकं टाकतात की लोखंड आंब्याच्या पेटीतल्या गवतासारखं भुगा होतं. आताचा १९९७ सालचा आहे, पाच गिअरचा. खरं सांगायचं तर या कामाला ऑटोमॅटिकच बरा. पुढं-मागं एका हातानं होतं, धक्के कमी बसतात, फक्त त्यातलं तेल तापू नये एवढं बघायचं. मोठ्या, जड कामाच्या पिकअपमध्ये हाताचा गिअर देणारी शेवटची अमेरिकन कंपनी रॅम. २०१८ च्या मॉडेलनंतर तिनंही तो बंद केला. माझा हट्ट हा निव्वळ हट्ट आहे, त्याला तत्त्वज्ञानाचं कव्हर घालायची माझी इच्छा नाही.

म्हातारबांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, तान्हं बाळ आहे. गल्ली माझी मुलगी काढते. गाडी तिला मीच शिकवली, दुकानांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, पार सोळाव्या वर्षी. बर्फाचा इशारा आला की ती कामावरून परस्पर आमच्याकडे मुक्कामाला येते. या जानेवारीत एका रात्री मी तिला म्हटलं, ‘थोडी झोप, मी उठवतो.’ ती बूट चढवत म्हणाली, ‘बाबा, तू झोप. तुझा झोपेचा रेकॉर्ड आहे.’ सौ.नं तिला ती गोष्ट केव्हातरी सांगितलेली दिसते.

तीन वाजता खाली ट्रक सुरू झाला. मी अंधारात पडल्या पडल्या ऐकत होतो. पातं टेकल्याचा दणका, मग इंजिन, एका सुरात, चढाकडे. मध्यावर, जिथं माझा ट्रक उभा राहिला होता तिथं, आवाज जरासा जड झाला. माझा डावा पाय, नवा गुडघा घातलेला, रजईत आपोआप खाली दाबला गेला. तिनं थांबवलं, मागं घेतलं, मुंगीच्या चालीनं, आणि पुन्हा पुढं.