वैनगंगेच्या खोऱ्यातले सोवळे, गोंदण आणि पांढरी साडी

पूजेच्या वस्त्राला मराठी घरांत पहिली अट असते ती शिवण नसण्याची. एरवी सदरा-बंडी घालणारा माणूस देवापुढे बसताना धोतर आणि उपरणे एवढ्यावर येतो. दुसरी अट धाग्याची. सुती कापडाला विटाळ लगेच लागतो असे मानत, म्हणून ते धुऊन उंच दांडीवर वाळत घालायचे आणि काठीनेच काढायचे. रेशीम आणि लोकर यांना तो सहजी लागत नाही, ही समजूत. त्यामुळे मुकटा, कद, पीतांबर आणि लोकरीची धाबळी सोवळ्यासाठी ठरली. रोज धुता न येणारे महाग कापडच शुद्ध ठरले, यात श्रद्धेइतकीच सोयही होती.

या समजुतीवर वैनगंगेच्या खोऱ्यातल्या विणकरांची घरे चालली. याच खोऱ्यातला, आता मध्य प्रदेशात असलेला बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून झाला आणि १९५६ पर्यंत नागपूरच्याच प्रांतात राहिला. इथल्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसराचे किडे वाढतात. भंडाऱ्याकडे ढिवर कोसा, म्हणजे टसराचे कोष, पिकवतात, कोष्टी विणतात. करवतकाठी हे या भागाचे खास विणकाम: दोन काठ आणि मधले अंग तीन वेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवतात, त्यामुळे काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीच्या हातमाग साड्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र कोसा उकळताना आतला जीव मरतो. एका घरात जे रेशीम सर्वांत पवित्र, तेच अहिंसा पाळणारे अनेक जैन पूजेत वर्ज्य मानतात.

बालाघाट जिल्ह्यातल्याच बैहरच्या डोंगराळ पट्ट्यात सोवळे पोहोचलेच नाही. तिथल्या बैगा आदिवासी स्त्रिया गुडघ्यापर्यंतचे जाडेभरडे सुती लुगडे नेसत आल्या. ते पनिका विणकर विणत. पनिकांमध्ये कबीरपंथी पुष्कळ, आणि त्या पंथाची खूण गळ्यातली तुळशीची कंठी. बैगांचा खरा साज मात्र कापडाचा नाही, गोंदणाचा आहे. कपाळावरचे पहिले गोंदण लहानपणीच होते. पुढे हात, पाठ आणि पाय भरत जातात. मेल्यावर दागिने आणि वस्त्रे इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत जाते, अशी त्यांची श्रद्धा आहे. अंगावर कापड थोडे आणि गोंदण भरपूर का, याचे बरेचसे उत्तर या श्रद्धेत सापडते.

रंगांच्या बाबतीत हा जिल्हा दोन रीतींच्या सीमेवर आहे. हिंदी मुलखात विधवेला पांढरे वस्त्र, तर मराठी ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेला लाल आलवण. दुःख एकच, रंग दोन; बाईच्या पसंतीला जागा दोन्हीकडे नव्हती. सवाष्णीने मात्र दोन्हीकडे पांढरे टाळायचे.

धर्माने वस्त्रांना पावित्र्य दिले तसा त्यांतून माणसांचा दर्जाही ठरवला, आणि ही बाजू अधिक गंभीर आहे. अस्पृश्य मानलेल्या बायकांचे लुगडे नेसण्याची पद्धत आणि जड दागिने यांवरून त्यांची जात दुरूनच ओळखू येई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना नेमके हेच बदलायला सांगितले: लुगडे पायघोळ नेसा, ओळख पटवणारे दागिने टाका. ऐकणाऱ्या बायकांनी ते लगेच अंमलात आणले. जात ओळखू न येण्याचा हक्क त्यांनी स्वतःच्या निऱ्यांपासून मिळवायला सुरुवात केली, म्हणून वस्त्रांच्या इतिहासात या घटनेचे मोल फार मोठे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांची बौद्ध धम्मदीक्षा झाली. तिथे यायचे ते पांढऱ्या कपड्यांत, असे आवाहन होते. पांढरा हा बुद्धाच्या गृहस्थ उपासकांचा रंग. भिक्खूंचे चीवर काषाय. ज्या रंगाला सवाष्णी अशुभ मानत, तो लाखो बायकांनी त्या दिवशी आपणहून अंगावर घेतला. बालाघाटच्या मराठी वस्त्यांपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतच्या बौद्ध लग्नांत आता पांढऱ्या साडीतली नवरी त्रिशरण आणि पंचशील म्हणून संसाराला लागते.