गाडीखालचा आवाज आणि आपली अमानत

पेणहून रोह्याला रोज ये-जा करणाऱ्यांना वडखळ, गडब, कासू, नागोठणे हा रस्ता डोळ्यांपेक्षा कंबरेला जास्त ओळखीचा असतो. मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक १७ चा ६६ झाला. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. दर पावसाळ्यात या रस्त्यावरचे खड्डे आपण टायर आणि कंबर यांच्याच हिशेबात मोजतो. गाडीच्या पोटाखाली काय झिजते, हे मात्र आवाज येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमची गाडी चौदा वर्षांची. ती मी शाळेसाठी रोज चालवते. गेल्या पावसाळ्यानंतर गतिरोधकावरून जाताना खालून ‘धप्प’ असा आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. पुढचा एक टायर आतल्या कडेने घासला गेला होता. एका गॅरेजवाल्याने शॉकअॅब्सॉर्बर बदलले, बिल घेतले, आवाज तसाच राहिला. मग रोह्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी वर घेतली, टॉमी लावून जोर दिला आणि म्हणाले, “बाजी, इथे बघा.” काळे रबर फाटून लोखंड लोखंडावर आपटत होते.

भगिनींनो, ही रचना आपणही समजून घ्यायला हवी. गाडीच्या पुढच्या भागात खाली एक मजबूत लोखंडी चौकट असते, तिला सबफ्रेम म्हणतात. चाके धरणारे खालचे आर्म तिला जोडलेले असतात, अनेक गाड्यांत स्टीअरिंगची यंत्रणा आणि इंजिनाचा काही भारही तिच्यावर असतो. काही गाड्यांत ही चौकट बॉडीला थेट बोल्टने आवळलेली असते, तर काहींत मध्ये रबरी बुश असतात. आर्मच्या टोकांना तर बुश असतातच. बुश म्हणजे आत-बाहेर धातूची नळी आणि मध्ये पक्के चिकटवलेले रबर. चाक जागेवर धरायचे आणि धक्का आत येऊ द्यायचा नाही, अशी दोन कामे त्याला करावी लागतात. उष्णता, वय आणि सततच्या पिळामुळे रबराला चिरा पडतात. इंजिनाचे तेल गळत असेल तर रबर फुगून मऊ होते. आपल्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत बोल्टही गंजतात.

असाच आवाज बॉल जॉइंट किंवा लिंक रॉड खराब झाल्यानेही येतो. म्हणून आधी तपासणी, मग खर्च. “फाटलेला भाग मला दाखवा,” असे म्हणायला संकोच करू नये.

आता प्रश्न आला, कोणते बुश बसवायचे? कंपनीच्या प्रतीचे नवीन रबर की पॉलीयुरेथेनचे? पॉलीयुरेथेन जास्त कठीण असते, तेलाने खराब होत नाही आणि बरेच टिकते. वळणावर गाडी घट्ट वाटते. पण खड्ड्यांची थरथर आत जास्त येते, योग्य ग्रीस नसेल तर ते किरकिरते. अॅल्युमिनियमचे भरीव बुश शर्यतीच्या गाड्यांसाठी असतात, घरच्या गाडीत त्यांचे काम नाही. मागच्या सीटवर गुडघेदुखीच्या सासूबाई बसणार असतील, तर नवीन अस्सल रबर हीच सर्वांत मोठी सुधारणा. आम्ही तेच निवडले.

काम करून घेताना काही गोष्टी बघाव्यात. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावेत. सबफ्रेम उतरवण्याआधी तिच्या जागेची खूण करावी आणि इंजिनाला वरून आधार द्यावा. जुना बुश प्रेसवर काढावा. जाळून काढल्यास विषारी धूर होतो. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असल्यासारख्या स्थितीत आणूनच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गंजलेले बोल्ट नवे घ्यावेत. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये.

बुशपेक्षा मजुरी जास्त आहे, हे ऐकून धाकटे दीर म्हणाले, “भाभी, थोडी खटपट करून आवाज दाबू आणि गाडी विकून टाकू. घेणाऱ्याला काय कळणार आहे?” खरे सांगते, महिनाअखेर होती आणि मनही क्षणभर डगमगले. मग बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आठवली. हुजूर ﷺ यांनी ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. आमचे ओले धान्य गाडीखाली होते. ते लपवून विकले असते, तर कुणा दुसऱ्याची मुले त्या सीटवर बसली असती.

दिरांनाही ते पटले. आम्ही दोन महिने इतर खर्च आवरला आणि काम करून घेतले. अल्हम्दुलिल्लाह, आता ब्रेक दाबला की गाडी सरळ थांबते. पुढे कधी विकायची झाली, तर कोणते काम कधी केले आणि कोणते बाकी आहे, तो कागद चावीसोबत घेणाऱ्याच्या हाती देऊ, इन्शाअल्लाह.

रस्ता केव्हा सुधारेल, हे आपल्या हाती नाही. गाडीत बसणारे जीव मात्र आपल्याकडे अमानत आहेत. या पावसाळ्यानंतर तुमच्या गाडीखालून आवाज आला, तर गाण्याचा आवाज वाढवू नका. थांबा आणि खाली बघून घ्या.