सिस्टर आजारी पडल्या तर?

आज आपण आपल्या उपकेंद्रातल्या, दवाखान्यातल्या सिस्टरांविषयी बोलणार आहोत. त्या आपल्याला काय देतात ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्या स्वतः आजारी पडल्या तर काय होतं? त्यांना रजा किती असते? आणि वय झालेल्या सिस्टरांना कामाच्या जागी काय काय ऐकून घ्यावं लागतं?

हा विषय आपला कसा, असं कुणी विचारेल. दोन कारणं आहेत. एक तर लसीकरण, बाळंतपण, बीपी-शुगरच्या गोळ्या या सगळ्यांसाठी आपला जीव यांच्याच हाती असतो. दुसरं म्हणजे आपल्या गटांतल्या कितीतरी बायांच्या लेकी एएनएम, जीएनएम शिकल्या आहेत. काहींच्या फीसाठी गटातूनच कर्ज घेतलेलं आहे. त्या आज तालुक्याला, नाशिकला, पुण्याला नोकरी करतात. म्हणजे सिस्टरांचं दुखणं हे आपल्याच घरातलं दुखणं आहे.

उपकेंद्राला कुलूप दिसलं की आपण चटकन बोलून जातो, ‘आज पण सिस्टर नाहीत. पगार मात्र चालू.’ राग येणं साहजिक आहे. मजुरी बुडवून, लेकरू काखेत घेऊन आलेली बाई तशीच माघारी जाते. पण त्या कुलपामागचा हिशोब एकदा समजून घेऊ या.

सरकारी मापाप्रमाणे सपाट भागात पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक. महाराष्ट्रात अशी दहा हजारांहून जास्त उपकेंद्रं आहेत. तिथली आरोग्य सेविका म्हणजे आपली एएनएम. चार-पाच गावं, वाड्या-वस्त्या, अंगणवाडीतला लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांची तपासणी, शाळा, साथीचे आजार, शिवाय रजिस्टरं आणि टॅबवर भरायची माहिती, हे सगळं तिच्या गळ्यात. ती तापाने पडली तर तिच्या जागी कोण? बहुतेक वेळा शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांवर दोन्हीकडचा भार पडतो, नाहीतर कुलूप लागतं. दोष दिसतो आजारी बाईचा, पण उणीव असते बदली माणसाची. एकाच बैलावर औत चालवायचं ठरवलं, तर तो बसला की शेत पडीक राहणारच.

आता रजेचं पाहू. सरकारी नोकरीत कायम असलेल्या नर्सला नागरी सेवेच्या नियमांप्रमाणे वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते, म्हणजे आपण जिला किरकोळ रजा म्हणतो ती. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस खात्यावर जमा होते. शिवाय २० दिवस अर्धपगारी रजा. आजारपणात हीच अर्धपगारी रजा कामी येते. डॉक्टरांचा दाखला जोडला तर अर्ध्या पगाराचे दोन दिवस खर्ची घालून पूर्ण पगाराचा एक दिवस घेता येतो. तिला परिवर्तित रजा म्हणतात. म्हणजे वर्षाच्या २० दिवसांतून पूर्ण पगाराचे दहा दिवस निघतात. रजा वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यावी लागते, पण ती नियमात लिहिलेली आहे. आजारपणाची रजा घेणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

कंत्राटी सिस्टरांचं मात्र तसं नसतं. त्यांचा करार बहुधा अकरा महिन्यांचा. करारात जेवढी रजा लिहिली तेवढीच. आणि पुढच्या वर्षी करार होईल की नाही याची टांगती तलवार कायम डोक्यावर. म्हणून अंगात ताप असला तरी गोळी घेऊन कामावर जायचं, असं चालतं.

इथेच आपण जरा थांबू. आजारी सिस्टर कामावर आल्या की आपल्याला बरं वाटतं. ‘बघा, किती कष्टाळू!’ असं आपण म्हणतो. पण फ्लूने खोकणारी सिस्टर नवजात बाळाला हाताळते, तेव्हा काय होतं? त्या बाळात रोगाशी झुंजायची ताकद अजून आलेली नसते. बाळंतीण अशक्त असते. शेजारच्या खाटेवर दम्याचे, शुगरचे म्हातारे पेशंट असतात. ज्या घरी रोग जायला नको, नेमका तिथेच तो सिस्टरांच्या हाताने जातो.

म्हणून काही साध्या गोष्टी सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यावरही दोन दिवस पेशंटच्या सेवेपासून लांब राहायचं असतं. फ्लूचा ताप आला असेल तर औषधाशिवाय ताप उतरून निदान एक दिवस गेला पाहिजे. कांजिण्या आल्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. डोळे आले असतील तर डॉक्टरांना विचारूनच कामावर. हे नियम सिस्टरांच्या आरामासाठी जेवढे आहेत, तेवढेच आपल्या लेकराबाळांसाठी आहेत. एक दिवस सुई चुकली तर पुढच्या वेळी देता येते. लसीची तारीख थोडी पुढे गेली म्हणून सगळे डोस पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागत नाहीत, राहिलं तिथून पुढे सुरू करतात. म्हणून तेवढ्यासाठी आजारी बाईला अंथरुणातून उठवू नये.

दुखणी काही नुसती तापाचीच नसतात. सिस्टरांची कंबर दुखते, कारण पेशंटला उचलणं, कुशीवर वळवणं हे दिवसातून कितीदा तरी करावं लागतं. आपण ज्वारीचं पोतं उचलताना दोघी-तिघी मिळून धरतो, एकटी कुणी हात घालत नाही. वॉर्डात मात्र माणूसभर वजन एकटीने ओढायची वेळ येते. पेशंटखाली चादर घालून दोघींनी सरकवलं तर कंबर वाचते, पण दुसरी बाई ड्युटीवर हवी ना! तासन् तास उभं राहून पायांच्या शिरा फुगतात. रात्रपाळीने झोप मोडते. आणि सुई टोचण्याचा धोका तर रोजचाच. पेशंटला वापरलेली सुई हाताला लागली तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी जागा साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, पण ७२ तासांच्या आत सुरू झाल्याच पाहिजेत. कावीळ बीची लस तर प्रत्येक नर्सने आधीच घेतलेली असावी. लेक नर्स असेल तर आज फोनवर तिला एवढं जरूर विचारा, ‘तुझे तिन्ही डोस झाले का?’

आता वय झालेल्या सिस्टरांकडे वळू. महाराष्ट्रात सरकारी नर्स ५८व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे पन्नाशी उलटल्यावरही सात-आठ वर्षं धावपळ करायची असते. या काळात त्यांना काय ऐकावं लागतं? ‘मॅडमना टॅब येत नाही.’ ‘यांचे गुडघे दुखतात, मग रात्रपाळी आम्हीच करायची का?’ ‘आता घरी बसा की.’ एखाद्या तरुण सिस्टरने दोन दिवस रजा घेतली तर ती आजारी होती असं म्हणतात. तीच रजा पंचावन्न वर्षांच्या बाईने घेतली की ‘आता यांच्याने होत नाही’ असं म्हणतात. रजा तेवढीच, दाखलाही तसाच, फक्त बोल वेगळे. आणि हे बोल टाळायला म्हणून त्या बाया दुखणं लपवतात. लपवलेलं दुखणं वाढतं आणि मग खरोखरच महिनाभराची रजा घ्यावी लागते.

वय झाल्यावर काही गोष्टी बदलतात, हे नाकारायचं कारण नाही. चाळिशी लागते, बाटलीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. रात्रपाळीचा शीण उतरायला जास्त वेळ लागतो. गुडघे कुरकुरतात. पण यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. औषधाच्या टेबलावर चांगला दिवा आणि डोळ्यांना चष्मा. लागोपाठच्या रात्रपाळ्या कमी करून मध्ये सुट्टी. बसून लिहायला खुर्ची. टॅब शिकवायला जवळ बसून समजावणारी तरुण सिस्टर. खुरपणीला म्हाताऱ्या सासूबाईंना आपण बांधाजवळची पात देतो, शेतातून हाकलून देत नाही. कामाची वाटणी माणूस पाहून करायची असते, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि जुन्या सिस्टरांजवळ जे असतं ते टॅबमध्ये सापडत नाही. गरोदर बाई दारातून आत येताना तिच्या पायांची सूज, चेहऱ्याचा फिकेपणा त्यांच्या नजरेत भरतो. मग त्या बीपी बघतात. ते १४०/९० किंवा त्याहून वर असलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवतात. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर न ठेवता पुढे धाडतात. कुठल्या घरात सासू सुनेला तपासणीला येऊ देत नाही, तिथे काय बोलल्याने दार उघडतं, हे त्यांना पंचवीस वर्षांच्या पायपिटीने कळलेलं असतं. तरुण सिस्टरांचे हात चपळ, जुन्यांची नजर पक्की. दोघी एका ड्युटीवर असल्या की पेशंटचं भलं होतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली रुग्णालयातच अत्याचार झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ साली त्या वारल्या. मधली ४२ वर्षं तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. जुन्या निवृत्त होत गेल्या, नव्या येत गेल्या, पण सेवा खंडली नाही. इतकी वर्षं खाटेवर पडून असलेल्या माणसाची पाठ जखमेशिवाय राखणं किती अवघड असतं, ते घरात म्हातारं माणूस सांभाळलेल्या प्रत्येक बाईला कळेल. एका पिढीने दुसरीला हातात हात धरून शिकवल्याशिवाय हे होत नाही.

आणखी एक गोष्ट. १२ मे हा परिचारिका दिन. तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. त्यांची हातात दिवा घेतलेली तसबीर पुष्कळ दवाखान्यांत असते. पण युद्धातल्या जखमींची सेवा करून १८५६ साली त्या परतल्या, त्यानंतर त्या स्वतः वर्षानुवर्षं आजारी होत्या, हे फार थोड्यांना माहीत असतं. नर्सिंगवरचं पुस्तक, नर्सेसची शाळा, हिंदुस्थानातल्या स्वच्छतेचा अभ्यास, हे सगळं त्यानंतरचं काम. त्यातलं बरंचसं त्यांनी खोलीत, अंथरुणावरून केलं. त्या नव्वद वर्षं जगल्या. ‘आजारी बाई, आता काय कामाची’ असं त्यांच्याबाबत ठरवलं असतं, तर आजची नर्सिंगची विद्या कशी घडली असती?

खाजगी दवाखान्यात असलेल्या लेकींसाठी दोन शब्द. नोकरी लागताना पगाराबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: नेमणुकीचं पत्र, रजेचे दिवस आणि ईएसआय. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा. तो लागू असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारी प्रत्येक जण त्यात येते. १२,००० पगार असेल तर तिचे ९० रुपये कापले जातात आणि मालक ३९० रुपये भरतो. सहा महिन्यांच्या काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, आणि दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचा लागतो. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का, एवढं लेकीला पाहायला सांगा. कपात होते आणि कार्ड हातात नाही, असं असेल तर ते लगेच मागून घ्यावं.

मग गट म्हणून आपण काय करू शकतो? पुढच्या बैठकीत हे चार मुद्दे घ्या.

पहिला, सिस्टर रजेवर असतील तर बदली कोण, याची पाटी उपकेंद्राच्या दारावर लागावी. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा. मागणी माणसाची करावी, तक्रार आजारी बाईची करू नये.

दुसरा, गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीला आपल्या दोघी-तिघींनी जावं आणि उपकेंद्रात दिवा, पाणी, संडास, खुर्ची नीट आहे का, हे विचारावं. रिकाम्या पदाचा विषय ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, ठरावाचा कागद राहतो.

तिसरा, कुलूप असेल त्या दिवशी खोळंबून राहू नये. तातडीला १०८, गरोदर बाईला आणि बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२, सल्ल्यासाठी १०४. हे नंबर प्रत्येकीच्या घरात भिंतीवर लिहिलेले असावेत.

चौथा, बोलण्यातला. सिस्टर रजेवरून परत आल्या की ‘कुठे होता इतके दिवस?’ याच्याऐवजी ‘आता बरं वाटतंय ना?’ असं विचारून पाहा. एवढं विचारायला पैसा लागत नाही.

एक खरं, की काही जणी रजेचा गैरफायदाही घेतात. न सांगता गैरहजर राहणं आणि आजारी रजा घेणं यांत फरक आहे. न कळवता वारंवार दांडी होत असेल तर तारखा लिहून ठेवा आणि लेखी कळवा, तो आपला हक्क आहे. पण एकीच्या दांडीचं खापर दुसरीच्या दुखण्यावर फोडू नका.

घरातली बाई आजारी पडली तर चूल कोण पेटवणार, हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरी आहे. म्हणून आपणही ताप अंगावर काढतो. दवाखान्यातल्या बाईचं याहून निराळं नाही. तिला दोन दिवस निजायला मिळावं आणि तेवढे दिवस दवाखानाही उघडा राहावा, अशी सोय मागण्याचं काम आपल्या गटांनी हाती घ्यावं. बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.