ओहोटीच्या खडकांवर आबालवृद्ध

साहसाचे उपक्रम आखताना लहानांची एक तुकडी व मोठ्यांची दुसरी, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. गोव्यातील हणजुणे व वागातोर येथील खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी भ्रमंती करावयाची असल्यास मात्र ही विभागणी गैरसोयीची ठरते. तेथे नातवाच्या चपळाईइतकीच आजोबांच्या तिथिज्ञानाचीही गरज असते.

कोकणपट्टीत चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. तृतीयेस पहाटे सव्वादोनला भरती, त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेआठला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या या दिवसांत उधाणाचा जोर असल्याने पाणी दूरवर हटते व एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, मुलांना नेल्यास त्यांची निराशाच व्हावयाची. हा आडाखा मुरगाव बंदराच्या छापील कोष्टकावरून पडताळून घ्यावा. पावसाळ्यात हा उपक्रम करू नये.

खडकांतील डबक्यांत रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा मुलांना हाती घेता येतो. समुद्रफुले केवळ पाहावीत. काहींचा दंश होतो. दगड अलगद उलटावा व पाहून झाल्यावर पूर्ववत ठेवावा, अन्यथा त्याखालचे जीव उन्हाने मरतात. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. म्हणून पायांत जुने बूट हवेत.

खरा धोका परतणाऱ्या पाण्याचा. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढेच वाढते आणि माणसे निर्धास्त होतात. तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून मात्र निम्मा चढ होतो. उधाणाचा चढ सुमारे दोन मीटर धरल्यास या दोन तासांतच मीटरभर पाणी वाढते. सहा वर्षांच्या मुलाच्या ते गळ्याशी येते.

यासाठी ज्यांना निसरड्यावर चालणे जमत नाही अशा वडीलधाऱ्यांकडे पहारा सोपवावा. त्यांनी किनाऱ्यालगतच्या उंच जागी बसून पाण्याजवळच्या एखाद्या खडकावर खूण ठरवावी आणि पाणी तिला टेकताच शिटी वाजवावी. हे काम बसून करावयाचे असले तरी दुय्यम नव्हे. शिटी होताच, हाती कितीही सुंदर शंख असला तरी, सर्वांनी परतावे: सर्वांत मंद चालणारा पुढे, प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस, आणि शेवटी किनाऱ्यावर शिरगणती.