पेशी आणि पाणी (लेखांक ६) : वाघूरकाठचा खेकडा

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून फर्दापूरच्या परिसरातून तापीकडे जाणारी वाघूर नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते, तर उन्हाळ्यात खडकांतील मोजक्या डोहांपुरती उरते. तिच्यासारख्या दख्खनी नद्यांच्या काठी बिळे करून राहणाऱ्या गोड्या पाण्यातील खेकड्याला वर्षाच्या एका टोकाला सर्व बाजूंनी पाणी सोसावे लागते आणि दुसऱ्या टोकाला ओल टिकवून धरावी लागते. या दोन परस्परविरोधी गरजा तो एकाच शरीराने कशा भागवतो, हा या लेखांकाचा विषय आहे.

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुपदरी पातळ थर असून त्यात प्रथिने रुतलेली असतात. या थरातून पाणी सावकाश आणि विशिष्ट प्रथिनांच्या वाटेने झपाट्याने ये-जा करते, परंतु क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आपोआप पार होऊ शकत नाहीत. त्यामुळे ज्या बाजूला विरघळलेले कण अधिक असतील त्या बाजूकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. एका लिटरमागे अशा कणांचे प्रमाण मिलिऑस्मोलमध्ये मोजले, तर समुद्राचे पाणी सुमारे १०००, मानवी रक्त २९०च्या आसपास, गोड्या पाण्यातील खेकड्याचे रक्त साधारण ५०० आणि नदीचे पाणी बहुधा दहाच्या आतबाहेर भरते. म्हणजेच नदीतील खेकड्याच्या अंगात पाणी सतत शिरू पाहते आणि क्षार सतत बाहेर निसटू पाहतात.

गोड्या पाण्यातील मासे आणि बेडूक शिरलेले पाणी भरपूर पातळ मूत्रावाटे टाकून देतात. खेकड्याची रीत वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पूर्व आफ्रिकेतील एका नदीवासी खेकड्यावर जे. शॉ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, त्याचे मूत्र रक्ताइतकेच खारट असते, तरीही क्षारांचा तोटा फारसा होत नाही, कारण मूत्र तयारच अत्यल्प होते. आणि ते अत्यल्प असते, कारण शरीराच्या पृष्ठभागातून पाणी आत शिरतेच फार थोडे. गळक्या होडीतले पाणी उपसत बसण्याऐवजी आधी तिची छिद्रे बुजवावीत, तसा हा प्रकार आहे.

उरलेली तूट कल्ले भरून काढतात. कल्ल्यांच्या पेशींतील रक्ताकडच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप नावाचे प्रथिन असते. एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या एका एककावर ते सोडियमचे ३ आयन पेशीबाहेर रक्तात ढकलते आणि पोटॅशियमचे २ आत घेते, ज्यामुळे पेशीत सोडियमची उणीव राहून पाण्याकडच्या पटलातून त्याला आत ओढून घेता येते. हा पंप येन्स ख्रिस्तियान स्को यांना १९५७ मध्ये डेन्मार्कमध्ये सापडला तोही खेकड्याच्याच, अर्थात समुद्रकाठच्या खेकड्याच्या, पायातील चेतातंतूंत; या शोधासाठी त्यांना १९९७च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पाणी आत येऊ न देणारे आवरण ते बाहेरही सहजी जाऊ देत नाही. म्हणून नदीत राहण्यासाठी घडलेली ही बंदिस्ती उन्हाळ्यात बिळातही उपयोगी पडत असावी, असे मानणे रास्त ठरते. ओलसर बीळ नसेल तर मात्र खेकड्याचा निभाव लागत नाही, कारण कल्ले ओले राहिल्याखेरीज श्वसन चालत नाही.

क्षार टिकवण्याचा हाच प्रश्न खेकड्याच्या प्रजननातही येतो. दख्खनमधील बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस या खेकड्याच्या जातीच्या प्रजननचक्राचा अभ्यास १९७०च्या दशकात तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठातील आर. नागभूषणम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. समुद्रातील खेकड्यांची मादी लक्षावधी बारीक अंडी घालते आणि त्यांतून तरंगत्या अळ्या बाहेर पडतात. एवढ्या चिमुकल्या देहाचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने प्रचंड असते, त्यामुळे गोड्या पाण्यात त्यातील क्षार टिकवणे अवघड. गोड्या पाण्यातील खेकड्यांनी तरंगती अवस्थाच गाळली आहे: अंडी थोडी, मोठी आणि बलकाने भरलेली असतात, मादी ती पोटाखाली धरून ठेवते आणि त्यांतून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात.