खोक्यातली मोकळी जागा

दिवाळीचा फराळ परदेशी धाडताना बहुतेक घरांची सगळी भिस्त जाड खोक्यावर आणि त्याला गुंडाळलेल्या चिकटपट्टीवर असते. वर लाल अक्षरांत ‘नाजूक’ लिहिलं की काळजी मिटली असं वाटतं. फुटलेली चकली नीट पाहिली तर ती वेगळंच सांगते. वरून भार आला तर चकलीचे दोन-तीन मोठे तुकडे पडतात. पण काटे झडलेले असतील आणि तळाशी बारीक चुरा साचला असेल, तर त्या चकल्या वाटभर एकमेकींवर घासत गेल्या आहेत. फराळाच्या डब्यात सहसा हा चुराच सापडतो, म्हणून दोष हमालाआधी खोक्यातल्या मोकळ्या जागेला द्यायला हवा. चकल्यांची चळत बटर पेपरात गुंडाळून डब्यात घट्ट बसवावी, उरलेल्या फटींत चुरमुऱ्यांच्या चिवड्याच्या लहान पिशव्या साराव्यात. लाडवांचा डबा तळाशीच हवा. डबे आणि खोकं यांच्यामध्ये चहूबाजूंनी चुरगाळलेलं वर्तमानपत्र दाबून भरावं आणि खोकं हलवून पाहावं. आत काही सरकलं तर पुन्हा उघडावं. पिशव्या मात्र हवेने टम्म फुगवू नयेत. उडत्या विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, पिशवी आणखी फुगते, शिवण सुटते आणि चकली सादळते.

एवढं भरलं तर वजन वाढून खर्च वाढेल, हा आक्षेप रास्त वाटतो, पण कुरिअरचा हिशेब पाहिला की त्याचं बळ ओसरतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात आणि हे वजन व काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. 40×30×30 चं खोकं 7.2 किलोचं धरलं जातं. आत सगळं मिळून पाच किलो असेल तर उरलेले पैसे हवेचे. लहान खोकं घेतलं तर फराळ आणि पैसे दोन्ही वाचतात. कस्टममध्ये खोकं उघडलं तर ही सगळी रचना मोडेल, हा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे आणि त्यावर पुरता उपाय नाही. तरीही घट्टपणा खोक्यापेक्षा डब्याडब्यात असेल, सुटं काहीच नसेल आणि प्रत्येक डब्यावर आतल्या जिनसाचं नाव इंग्रजीत असेल, तर चकली कधी न पाहिलेल्या माणसालाही ते डबे होते तसे परत ठेवता येतात.