न जुळलेली सही

१ नोव्हेंबर २०२५ला छत्तीसगड पंचवीस वर्षांचं झालं. आमच्या नव्या रायपुरात विधानसभेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात माझ्या मानेचा एमआरआय निघाला. मान आठ दिवस दुखत होती, एवढंच निमित्त. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, “अंकल, कॉर्ड दब रही है. ऑपरेशन करा लीजिए.” मी चालत कसा आलो, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मी दारातून आत येत होतो तेव्हा ते पडद्यावर माझी मान बघण्यात गुंतले होते.

ते वाक्य घरी येईपर्यंत सलत राहिलं. मग जुनी लोखंडी ट्रंक उघडली. बाबांच्या एमआरआयच्या फिल्म्स अजून त्या पिवळट मोठ्या पाकिटात आहेत.

या यंत्राचा सुरुवातीचा इतिहास मी पटकन उरकतो, कारण त्यात माझं कुणी नाही. १९७३मध्ये लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्यानं चित्र काढता येतं हे दाखवलं, १९८६मध्ये दिल्लीच्या ‘इनमास’ संस्थेत भारतातलं पहिलं यंत्र आलं आणि २००३मध्ये लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं. हे यंत्र येण्याआधी मज्जारज्जूवरचा दाब बघायचा तर पाठीत सुई घालून औषध सोडायचं, टेबल तिरपं करून ते मानेपर्यंत न्यायचं आणि क्ष-किरण चित्र काढायचं. त्या मायलोग्रामनंतर माणूस डोकं धरून पडून राही.

आमच्या घरासाठी खरं दशक नव्वदचं. १९९३च्या एका सकाळी तात्यापाऱ्यातून बाबा पेन्शन काढायला गेले आणि हात हलवत परत आले. बँकेनं स्लिप परत केली होती, सही जुळत नाही म्हणून. चाळीस वर्षं लेखनिकी केलेला माणूस! बाबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. त्या बँकेवर मी पुढं कित्येक वर्षं राग धरला. आज वाटतं, त्यांच्या आजाराचं पहिलं अचूक निदान त्या खिडकीतल्या कारकुनानंच केलं होतं.

बाकीच्यांनी दोन वर्षं घालवली. एकानं वात सांगितला, दुसऱ्यानं वय. तिसऱ्यानं गळ्यात पट्टा बांधला, चौथ्यानं वजनं लावून मान ताणली. मान तर दुखतच नव्हती! सदऱ्याची गुंडी लागत नव्हती, वरणभात कालवताना शितं ताटाबाहेर जात होती आणि अंधारात चालताना बाबा भिंत धरत होते. यातलं काहीही कुणी विचारलं नाही.

१९९५मध्ये गीतांजली एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. तिथं बाबा त्या धडधडणाऱ्या बोगद्यात अर्ध्या तासाहून जास्त काळ रामरक्षा पुटपुटत पडून राहिले. पण शल्यविशारदांनी ते पाकीट आधी उघडलंच नाही. “गुंडी लावून दाखवा,” म्हणाले. मग दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडमीट होते ते मोजलं. निरोगी माणसाची वीस वेळा होते, बाबांची नऊ वेळा झाली. मधल्या बोटाचं नख टिचकीनं उडवलं, तर अंगठा आपोआप आत वळला. तळपायावर किल्ली ओढली, तर पायाचा अंगठा वर गेला. मग एका रेषेत चालायला लावलं, तिथं बाबा तिसऱ्याच पावलाला कलंडले.

फिल्म नंतर दिव्यावर चढली. पांढऱ्या पाण्यामधून उतरणारी करडी पट्टी म्हणजे मज्जारज्जू. ती दोन ठिकाणी चिमटलेली होती आणि एका चिमट्यापाशी पट्टीच्या आतच पांढरा डाग होता. डॉक्टर म्हणाले, “दाब आम्ही काढू. डागाचं वचन देत नाही.” किती मणक्यांशी दाब आहे, तो पुढून आहे की मागून, मानेचा बाक कसा आहे, यावरून कुठून शिरायचं ते ठरतं, हेही त्यांनी बोटानं दाखवलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मात्र सीटी स्कॅनही करायला लावला. मणक्यामागचा पट्टा हाडासारखा कडक झाला असेल, तर एमआरआय एकटा पुरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर चाल सुधारली, गुंड्या लागू लागल्या. सही मात्र परत आली नाही. बँकेत नवी नोंदवली. वर्षानं पुन्हा एमआरआय केला. चिमटा सुटला होता, रज्जूभोवती पाणी परतलं होतं, पण डाग तसाच. बाबा घाबरले. डॉक्टर हसले, “चित्र राहू द्या. जिना चढता ना?” बाबा आणखी चौदा वर्षं जिना चढले.

ते दशक सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या उशिरानं बाबांची बोटं नेली, ती कुठलंच यंत्र परत देत नाही. रायपुरात सोय कुठं होती? राज्य झालं तेव्हा आमच्या डीके हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय बसलं. खाटांच्या जागी फायली आल्या. फायली २०१२मध्ये इकडे नव्या रायपुरात आल्या, आणि २०१८मध्ये तिथं पुन्हा रुग्णालय सुरू झालं, आता सुपर स्पेशालिटी. यंत्रं आली, डॉक्टर आले, गीतांजली सुटली. मग गेलं काय? गुंडी गेली, चित्र उरलं.

जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या आणि ५.३ टक्क्यांमध्ये चक्क मज्जारज्जू दबलेला. ही माणसं धडधाकट होती. याच जपान्यांनी रज्जू दबण्याच्या दुखण्याची गुणपत्रिका बनवली, तिच्यात चॉपस्टिक्सनं जेवता येतं का, हा प्रश्न आहे. मुंबईच्या केईएममध्ये पूर्वी असलेले डॉ. अतुल गोयल तर म्हणत आले की मूळ दुखणं दाब नसून मणक्यांची अस्थिरता आहे, हाड न काढता मणके नुसते स्थिर करावेत. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण निदान त्या वादात चित्रापलीकडे बघणं तरी आहे. चित्र आणि हातपाय दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील, तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये. बाबांनी ते मला शिकवलं. एकटं चित्र बोलत असेल, तर आधी माणसाला विचारावं.

माझ्या तपासणीच्या फॉर्मवर ‘लक्षणं’ या रकान्यात दोनच शब्द होते: ‘नेक पेन’. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा आहे. नवा फॉर्म आणून तो रकाना मीच भरला आहे: गुंडी लागते, वरणभात नीट कालवता येतो, अंधारात भिंत लागत नाही, मूठ दहा सेकंदांत एकोणीस वेळा. खाली सही केली आणि पासबुकातल्या सहीशी ताडून पाहिली.

जुळते.